तवा बदलायचा की आच?

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. घरात त्या, नवरा, दोन शाळकरी मुलं आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सहा वर्षांपूर्वी घेतलेला नॉनस्टिकचा तवा, कढई आणि छोटा पॅन रोजच्या वापरात आहे. तव्याचं कोटिंग मधोमध खरवडून खालचं पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसायला लागलंय. मध्यंतरी घरच्या ग्रुपवर ‘नॉनस्टिक म्हणजे कॅन्सर’ असा व्हिडिओ फिरला आणि नवऱ्याने फर्मान काढलं, सगळं फेका, आजीच्या वेळेसारखं लोखंड-पितळ आणू. नणंद म्हणते लोखंड गंजतं, ट्रायप्लायचा, म्हणजे तीन थरांच्या स्टीलचा सेट घ्या. तो १४ हजारांचा. सासूबाईंची मनगटं दुखतात, जड भांडं उचलत नाही; दुपारी त्या आपल्यापुरतं धिरडं घालून घेतात ते नॉनस्टिकवरच. नवऱ्याला डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय. ताई विचारतात: “सगळ्यात सुरक्षित भांडं कोणतं? जुना तवा भांडी घासणाऱ्या मावशी मागतायत, त्यांना देऊ का? आणि खरं सांगा, सहा वर्षं मी मुलांना विष खाऊ घातलं का?”

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. पत्रात तो तळाशी असला तरी झोप त्यानेच उडवलेली दिसते. नाही, तुम्ही मुलांना विष खाऊ घातलेलं नाही.

अशा व्हिडिओंमध्ये दोन वेगळ्या रसायनांची खिचडी केलेली असते. जरा डाळ-तांदूळ वेगळे करू. तव्यावरचं काळं कोटिंग म्हणजे पीटीएफई. टेफ्लॉन हे त्याचं बाजारातलं नाव. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट नावाचा अमेरिकी रसायनतज्ज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत होता, तेव्हा ते त्याला अपघाताने सापडलं. कशाला चिकटत नाही आणि सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही, हाच त्याचा गुण. त्यामुळे खरवडलेल्या तव्याचा एखादा कपचा घासाबरोबर पोटात गेलाच, तर तो पचत नाही. गेला तसा बाहेर पडतो.

दुसरं रसायन पीएफओए. ते कोटिंग बनवताना कारखान्यात वापरलं जायचं. बदनाम झालं ते हे, आणि रास्तच. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते आसपासच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं. तिथल्या हजारो लोकांच्या तब्येतीचा अभ्यास झाला आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या समितीने मूत्रपिंड आणि वृषणाच्या कर्करोगासह सहा आजारांशी त्याचा संबंध असावा असं नोंदवलं. २०१९ मध्ये, वर्षानुवर्षं न विरणाऱ्या घातक रसायनांबद्दलच्या स्टॉकहोम कराराखाली ते हद्दपार करायच्या रसायनांत गेलं, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पण कोटिंग भट्टीत भाजताना ते जवळजवळ सगळं उडून जातं, तयार तव्यावर नावापुरतंच उरतं. त्या तव्यावर जेवणाऱ्यांपेक्षा कारखान्याच्या शेजाऱ्यांनी जास्त भोगलं, असं म्हणायला हवं.

दुकानदार हल्ली ‘पीएफओए-फ्री’ असं बोट ठेवून दाखवतात. त्याचा अर्थ एवढाच की ते एक रसायन वापरलेलं नाही. कोटिंग बहुतेक वेळा तेच पीटीएफई असतं, आणि कारखान्यात पीएफओएच्या जागी त्याची भावंडं आलीत, त्यांच्यावरही शंका घेतल्या जातायत. तेव्हा त्या स्टिकरचे शंभर-दोनशे रुपये जास्त मोजू नका.

मग नॉनस्टिकचा धोका काहीच नाही का? आहे. तो आचेत आहे.

रिकामा नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर ठेवला की थोड्याच मिनिटांत २६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. तिथून कोटिंग बिघडायला लागतं, साडेतीनशेच्या आसपास ते तुटून घातक वायू सुटतात. माणसाला त्याने थंडी-ताप, छातीत जडपणा येतो, फ्लू झाल्यासारखं वाटतं. पक्ष्यांची फुप्फुसं नाजूक, ते मरतातसुद्धा. घरात लव्हबर्डचा पिंजरा असेल तर स्वयंपाकघरापासून लांब न्या, हे मी नॉनस्टिक वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत तर १७० अंशांच्या वरच सावध केलंय. १७० की २६०, यावर आपण ओट्याशी उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तव्याला थर्मामीटर लावून कुणी स्वयंपाक करत नाही. घरगुती खूण अशी धरा: भांड्यात रस्सा, पाणी, ताक आहे तोवर ते शंभराच्या आसपासच राहतं. आणि रिफाइंड शेंगतेल धुरावायला लागलं की भांडं २३० अंशांपर्यंत पोचलेलं असतं. नॉनस्टिकवर तेल धुरावलं म्हणजे तुम्ही वेळेत गॅस कमी केलेला नाही.

आता मला एक सांगा, त्या तव्यावर भाकरी करता ना? तुम्ही लिहिलं नाहीत, पण कोटिंग मधोमधच गेलंय म्हणता. धिरड्याचा तवा बहुधा कडेकडेने जातो, कारण आपण कडा सोडवत बसतो. मधोमध जातो तो लोखंडी उलथनं घालून भाकरी फिरवणाऱ्यांचा. माझा अंदाज चुकला असेल तर माफ करा. बरोबर असेल, तर तुमच्या घरातली खरी चूक तीच आणि तेवढीच. भाकरीला काय लागतं? कोरडा तवा, सणसणीत आच, आणि एकामागून एक सात-आठ भाकऱ्या होईस्तोवर तवा गॅसवरून न उतरणं. नॉनस्टिकला यातली एकही गोष्ट सोसत नाही. शिवाय भाकरीला न चिकटणारं भांडं मुळात लागतच नाही. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावरून पाण्याचा हात. लोखंडी तवा नीट तापलेला असला की भाकरी आपण होऊन सुटते. शाळूची असेल तर टम्म फुगतेसुद्धा. म्हणजे जिथे नॉनस्टिकची गरज नव्हती नेमक्या तिथे आपण ते वापरलं.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं आहे. माळ्यावर सासूबाईंचा जुना लोखंडी तवा असणारच, सांगलीच्या घरात तो नसेल हे मी मानायला तयार नाही. तो काढा. गंज चढला असेल तर चिंचेचा कोळ आणि नारळाच्या शेंडीने घासा, लगेच धुवा, लगेच गॅसवर ठेवून कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा. झाला भाकरीचा तवा.

आता यजमानांच्या ‘आजीच्या वेळेसारखं’कडे वळू. माझं लहानपण साताऱ्यात गेलं आणि आजीचं स्वयंपाकघर मला भांड्यासकट आठवतं. पितळेची पातेली होती खरी, पण वर्षातून एक-दोनदा कल्हईवाल्याची हाक आली की सगळी घरं ती घेऊन बाहेर पडायची. तो जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवायचा, भात्याने फुलवायचा, पातेलं तापलं की आत नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा, नाकात झोंबणारा धूर. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायचं, की काळपट पातेलं आतून चांदीसारखं. आम्ही मुलं ते बघायला शाळा बुडवायचो. एका उन्हाळ्यात कल्हई करायची राहिली, आणि त्याच पातेल्यात केलेला मठ्ठा दुपारभर तसाच राहिला. संध्याकाळी कडेला हिरवट रेघ उमटलेली. आजीने बोटभर चाखला, थुंकला, आणि “कळकला” एवढंच म्हणून अख्खं पातेलं मोरीत पालथं केलं. दहा माणसांचा मठ्ठा! कळकणं हा शब्द मराठीत आहे याचा अर्थच असा की आजीच्या वेळीही भांडी त्रास द्यायची. फरक इतकाच, की कोणत्या भांड्यात काय ठेवायचं नाही हे तिला पाठ होतं.

पितळ तुम्हाला आणायचंच असेल तर एक मोठं पातेलं आणा, भात-दुधासाठी, आणि आधी जवळपास कल्हई कोण करून देतं ते शोधा. कल्हईचं भांडं रिकामं तापवू नका. कथील २३२ अंशांवर वितळतं. तांब्याच्या कळशीत पाणी ठेवा, लिंबू-ताक ठेवू नका.

आजीकडे आणखी एक गोष्ट होती जी कुणी सांगत नाही: जर्मलचं मोठं पातेलं. अ‍ॅल्युमिनियमच ते! लग्नाकार्यात, सणावाराला सगळी आमटी त्यातच. भातासाठी, उकडायला ते वाईट नाही, पण चिंच-आमसूल-टोमॅटो त्यात शिजवत आणि मुरत ठेवू नये. तुमचा कुकर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर घाबरून बदलू नका. त्यात वरण-भात डब्यांत लावता, प्रत्यक्ष भांड्याला लागतं ते पाणी. काळपट हार्ड अ‍ॅनोडाइज्डचा असेल तर अधिक बरं, त्याचा वरचा थर आंबटाला कमी दाद देतो.

म्हणून ‘सगळ्यात सुरक्षित भांडं कोणतं’ याचं एका शब्दात उत्तर मला देता येत नाही. वर सांगितलेल्या पोषण संस्थेने मातीच्या भांड्यांना पहिला नंबर दिलाय. पण मातीच्या कढईत रोज सकाळी साडेसहाला डबा करून दाखवा म्हणावं कुणाला. हौसेला एक गाडगं दह्यासाठी जरूर ठेवा, फक्त आतून चकचकीत रंगवलेलं घेऊ नका. असल्या झिलईत शिसं असू शकतं. आंबट चटणी, सांबार हे अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि बिनकल्हईच्या पितळ-तांब्यात साठवू नये, हेही त्याच संस्थेने सांगितलंय. ते तेवढं पाळा. शिजवून झालं की काढून ठेवायचं स्टील किंवा काचेत.

तुमच्याकडे काय शिजतं त्यावर थोडं बोलू. अख्खा मसूर आठवड्यातून एकदा तरी होत असेल. टोमॅटो, मसाला, तासभर रटरटणं: हे काम स्टीलचं. कृष्णाकाठची भरली वांगी लोखंडी कढईत खमंग होतात पण काळी पडतात. मुलं नाक मुरडणार असतील तर तीही स्टीलमध्ये, जाड बुडाच्या. पिठलं, मेथीची परतून भाजी, सुकं मटण, दाणे भाजणं, तिळकूट, फोडण्या: लोखंड. अंडं आणि धिरडं: नॉनस्टिक चालेल, मध्यम आच, लाकडी उलथनं.

लोखंडाबद्दल एक गोष्ट तुमच्यासाठी खास. पत्रात नवऱ्याचं तेलाचं पथ्य आहे, सासूबाईंची मनगटं आहेत, मुलांची काळजी आहे. तुमचं हिमोग्लोबिन कुठेच नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. लोखंडी कढईत शिजवलं की थोडं लोह जेवणात उतरतं, आंबट पदार्थात जास्त. हा औषधाला पर्याय नाही, पण रोजच्या रोज मिळतो. एकदा रक्त तपासून घ्या. आणि घरात कुणाला थॅलेसेमियासारखा, अंगात लोह साठण्याचा आजार असेल तर मात्र लोखंडी भांड्याचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

धिरड्या-आंबोळ्यांसाठी बिडाचा तवा घ्यायचा विचार असेल तर घ्या, पण हा तवा विकत मिळतो तसा वापरता येत नाही. आधी गरम पाण्याने साबण लावून कारखान्याचं तेल काढायचं. गॅसवर पूर्ण कोरडा करायचा. थेंबभर तेल सगळीकडे चोळायचं आणि मग कपड्याने पुसून टाकायचं, अगदी ‘लावलंच नव्हतं’ वाटेपर्यंत. इथेच सगळ्या चुकतात, तेल जास्त ठेवतात आणि तवा चिकट होतो. मग धूर निघेपर्यंत तापवायचा, खिडकी उघडी ठेवून. गार करून पुन्हा. असं चार-पाच वेळा. तेलाचा तो पातळ थर लोखंडावर वार्निशासारखा बसतो. त्यानंतर कांद्याच्या फोडी मीठ घालून काळ्या होईपर्यंत परता आणि टाकून द्या. पुढे रोज तेल लावायला वांग्याचा देठ किंवा अर्धा कांदा वापरा, तेल मोजकंच बसतं. या तव्यावर भाकरी करू नका, कोरड्या आचेने थर जळतो आणि दुसऱ्या दिवशी धिरडं चिकटतं. दोन तवे वेगळेच ठेवायचे. आमच्याकडे यावरून जावा-जावांत अबोला झालाय.

स्टीलला सगळं चिकटतं ही तक्रारही निम्मी आपलीच असते. कढई आधी कोरडी तापवा, पाण्याचा थेंब टाका. तो चरचरून नाहीसा झाला तर अजून थांबा, पाऱ्यासारखा गोळी होऊन पळायला लागला की तेल घाला. मग जिन्नस टाकून लगेच खरवडू नका. खालून भाजला की तो स्वतः सुटतो. साधं पातळ स्टील उष्णता एका ठिकाणी धरतं म्हणून लागतं. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, त्यामुळे आच सारखी पसरते. नणंदबाईंचं म्हणणं त्यामुळे खोटं नाही. पण सेट घेऊ नका. सेटमधली निम्मी भांडी पाहुण्यांची वाट बघत कपाटात बसतात. एक कढई घ्या, तीन महिने वापरा, मग पुढचं. घेताना आयएसआयचं चिन्ह बघा. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना ते सक्तीचं करणारे आदेश केंद्राने २०२४ मध्येच काढलेत.

सिरॅमिक कोटिंगवाल्या रंगीत तव्यांबद्दल विचारलं नाहीत, पण दुकानात गेलात की तेच पुढे करतील. त्यात टेफ्लॉन नसतं, आच जास्त सोसतात, दिसायलाही छान. वर्ष-दोन वर्षांत मात्र चिकटायला लागतात.

तेलाचं म्हणाल तर धिरड्यामागे चमचाभर वाचतं, कबूल. पण महिन्याला डबा किती येतो ते मोजा, आणि रविवारची भजी नॉनस्टिक कढईत तळली तरी भजीच असतात, एवढं यजमानांना सांगा.

सासूबाईंचा पॅन मात्र त्यांच्याकडेच राहू द्या. हे मी भांड्याच्या बाजूने बोलत नाही. ७१ व्या वर्षी, दुखऱ्या मनगटांनी, कुणालाही न सांगता दुपारी उठून आपलं धिरडं आपण घालून खाणं ही लहान गोष्ट नव्हे. हातात चार किलोचं बीड दिलंत तर त्या तुमची वाट बघत बसतील आणि तुम्हाला वाटेल त्यांची भूक कमी झाली. पॅन खरवडला असेल तर त्यांना नवा, जाड बुडाचा, हलका घेऊन द्या, सोबत लाकडी उलथनं. फक्त पीठ ओट्यावर तयार असल्याशिवाय पॅन गॅसवर ठेवायचा नाही, एवढं त्यांच्या कानावर घाला. रिकामा तापणं टळलं की बाकी त्यांचं त्या बघतील.

आणि मावशींना तवा देऊ नका. तो आपल्या मुलांना नको म्हणून आपण बाजूला काढला, मग त्यांच्या मुलांना कसा चालेल? शिवाय त्यांच्या घरी तो भाकरीलाच जाणार. भंगारात अ‍ॅल्युमिनियमला किलोवर भाव मिळतो, तिथे द्या. आणि मावशींना द्यायचंच असेल तर बाजारातून नवा लोखंडी तवा घेऊन द्या. ट्रायप्लायच्या सेटमधून वाचलेल्या पैशांत तो सहज बसतो.

एक शेवटचं, यजमानांसाठी. लोखंड आणायचं त्यांनी ठरवलंय ना? मग ते धुतल्या धुतल्या पुसणं, तेल लावणं आणि माळ्यावरून काढणं-ठेवणं या तीन कामांवर त्यांचं नाव लिहा. मावशी लोखंडी कढई बाकीच्या भांड्यांत भिजत घालतात आणि दुपारपर्यंत तिला तांबडं गंजाचं पाणी सुटतं. सांगली-साताऱ्यातली निम्मी लोखंडी भांडी अशीच माळ्यावर गेली. मावशी येण्याआधी कढई वेगळी काढून ठेवायची, ही पाळी सकाळी कुणाची ते कॅलेंडरवर टाका. बिडाच्या तव्यावरची पहिली चार धिरडी फाटणार आहेत, ती कुणाच्या डब्यात जातील तेही आत्ताच ठरवून ठेवा.